ड जीवनसत्त्व मोजताना: एका प्रयोगशाळेचे सात महिने

एकाच माणसाचं, एकाच सकाळी काढलेलं रक्त दोन प्रयोगशाळांत गेलं. एकीकडून ड जीवनसत्त्व १७ आलं, दुसरीकडून २६. एकक दोन्हीकडे तेच, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. १७ हा आकडा आमचा होता. डॉक्टरांनी फोन करून एवढंच विचारलं, "यातला खरा कुठला?" कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेले तपासणीचे नमुने) मर्यादेच्या आत होते, मशीनची सर्व्हिसिंग वेळेवर झाली होती, बाह्य गुणवत्ता तपासणीत आम्ही पास होतो, आणि तरीही त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्या फोनपासून नवी पद्धत रुग्णांसाठी सुरू होईपर्यंत सात महिने गेले. काय केलं, कुठे अडलं, पैसा आणि वेळ कशात गेला, ते क्रमाने लिहितो आहोत. हेच काम हाती घेणाऱ्यांचे निदान काही आठवडे वाचावेत, एवढ्यासाठी.

पहिले दोन आठवडे मशीनला हातच लावला नाही. नेमकं काय मोजायचं ते आधी कागदावर उतरवलं. शरीरातला साठा कळतो तो २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी वरून, म्हणजे २५(ओएच)डी वरून. रक्तातलं त्याचं अर्धायुष्य दोन-तीन आठवड्यांचं आहे. १,२५-डायहायड्रॉक्सी हे सक्रिय रूप काही तासांतच निम्मं होतं. शिवाय कमतरता असताना पॅराथायरॉइड हॉर्मोन मूत्रपिंडाला जोर लावायला लावतं, त्यामुळे हे सक्रिय रूप नॉर्मल किंवा वाढलेलंही दिसू शकतं. तरीही "सक्रिय म्हणजे चांगलं" असं समजून १,२५ ची चाचणी लिहून येतेच. आमच्या मागणीपत्रावर दोन्ही नावं शेजारी-शेजारी होती. पहिली दुरुस्ती तिथेच केली: कमतरतेसाठी २५(ओएच)डी हे वर, आणि १,२५ वेगळ्या पानावर.

दुसरी गोष्ट, "एकूण" म्हणजे डी२ आणि डी३ या दोन्हींची बेरीज. डी३ त्वचेत तयार होतं आणि प्राणिज पदार्थांतून मिळतं. डी२ बुरशीवर्गीय पदार्थांतून आणि काही गोळ्यांतून येतं. दोघांच्या रेणूंत फरक आहे तो फक्त बाजूच्या साखळीत. चाचणीतल्या अँटिबॉडीला (रेणू ओळखून पकडणाऱ्या प्रथिनाला) मात्र तेवढा फरक पुरतो.

ऑटोमेटेड इम्युनोअसेमध्ये, म्हणजे मशीनवरच्या अँटिबॉडीच्या चाचणीत, जी आम्ही तेव्हा वापरत होतो, गोंधळ का होतो, हे समजून घ्यायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. रक्तातलं सुमारे ८५ टक्के २५(ओएच)डी व्हिटॅमिन डी बाइंडिंग प्रोटीनला घट्ट धरून असतं. उरलेलं बहुतेक अल्ब्युमिनला लागलेलं असतं. मोकळं असतं ते ०.१ टक्क्याहूनही कमी. म्हणजे मोजण्याआधी रेणू प्रथिनापासून सोडवावा लागतो. जुन्या हाती पद्धतींत सॉल्व्हंट घालून प्रथिनं खाली बसवत. ऑटोमेटेड मशीनमध्ये तसं करता येत नाही, कारण तेच सॉल्व्हंट अँटिबॉडीलाही मारतं. म्हणून तिथे पीएच बदलून किंवा जागा हिसकावणारी रसायनं घालून, काही मिनिटांत, रेणू सोडवायचा प्रयत्न होतो. ही सुटका प्रत्येक सीरममध्ये (गोठलेल्या रक्तातून वेगळ्या होणाऱ्या द्रवात) सारखी होत नाही. गर्भारपणात हे प्रथिन बरंच वाढतं, आणि काही चाचण्या तिथे कमी आकडा दाखवतात. डायलिसिसवरचे आणि अतिदक्षता विभागातले रुग्ण हे असेच दुसरे गट. त्यात भर म्हणजे २४,२५-डायहायड्रॉक्सी हा निकामी झालेला रेणू काही अँटिबॉडी २५(ओएच)डी म्हणूनच मोजतात.

बायोटिनचंही इथेच सांगून टाकतो. ही चाचणी स्पर्धात्मक असते: रुग्णाच्या रक्तात रेणू जितका जास्त, तितका सिग्नल कमी. चाचणीतली पकड बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) आणि त्याला घट्ट धरणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन या जोडीवर असेल, तर केस-नखांसाठी घेतलेल्या मोठ्या डोसच्या बायोटिनने सिग्नल पडतो आणि आकडा खोटाच वर जातो. अशा रुग्णाचं ड जीवनसत्त्व छान दिसतं आणि औषध सुरूच होत नाही. नमुना घेतानाच "बायोटिन चालू आहे का" हे विचारायची सवय लावा.

तिसऱ्या आठवड्यात ४० नमुने संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवले, जिथे द्रव क्रोमॅटोग्राफी आणि टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे एलसी-एमएस/एमएस, वापरली जाते. नमुने मुद्दाम निवडले: कमी, मध्यम, जास्त, गर्भवती स्त्रियांचे काही, डी२ ची गोळी घेणाऱ्यांचे काही, आणि फोनवाल्या रुग्णाचा राखून ठेवलेला सीरम. निकालाला २४ दिवस लागले. सगळ्यांची सरासरी काढली तर फरक किरकोळ होता आणि आलेख पाहून क्षणभर हायसं वाटलं. एकेक बिंदू पाहायला लागलो तसं ते गेलं. सरासरी जुळत होती, कारण काही नमुने वर आणि काही खाली होते. गर्भवती स्त्रियांचे बहुतेक बिंदू रेषेखाली, डी२ वाल्यांचे सगळेच खाली. फोनवाल्या रुग्णाचा निकाल होता डी३ १५, डी२ १०, एकूण २५. आमच्या चाचणीला डी२ जवळजवळ दिसतच नव्हतं.

तुलना करताना सरासरी बायसवर (एकाच दिशेने होणाऱ्या चुकीवर) थांबू नका. रुग्णांचे गट पाडून प्रत्येकाचे बिंदू वेगळ्या रंगात काढा.

म्हणून ही चाचणी एलसी-एमएस/एमएसवर न्यायची ठरवली. ते यंत्र आमच्याकडे दुसऱ्या चाचण्यांसाठी आधीपासून होतं. नसतं तर हा लेख वेगळा झाला असता. त्यामुळे खर्च झाला तो यंत्रावर नाही. सगळ्यात महाग पडले आयसोटोप लावलेले अंतर्गत स्टँडर्ड (प्रत्येक नमुन्यात ठरावीक प्रमाणात घालायचा, वजनाने वेगळा ओळखू येणारा तोच रेणू) आणि प्रमाणित संदर्भ सीरम. त्यानंतर नायट्रोजन, एलसी-एमएस दर्जाचे सॉल्व्हंट, दोन कॉलम (रेणू एकमेकांपासून वेगळे करणाऱ्या नळ्या). आणि एका तंत्रज्ञाचे जवळपास पूर्ण चार महिने, जे कुठल्याच बिलात दिसत नाहीत. मागणी नोंदवल्यापासून माल हातात यायला पाच आठवडे गेले, त्यातले निम्मे कागदपत्रांत. मानवी सीरमच्या आयातीला संसर्गमुक्ततेचं प्रमाणपत्र आणि कोल्ड चेनची हमी लागते. ही ऑर्डर सर्वांत आधी टाका, पद्धत नंतर ठरवा.

संदर्भ सीरम म्हणजे अमेरिकेच्या निस्ट या मापन संस्थेचं एसआरएम ९७२ए. यात चार पातळ्या असतात. तिसरीत बाहेरून २५(ओएच)डी२ घातलेलं असतं आणि चौथीत ३-एपी-२५(ओएच)डी३, म्हणजे त्याचा जुळा रेणू (एपिमर). ही चौथी पातळी पुढे फार कामाला आली. व्हायल छोट्या असतात. वितळवण्याआधी कुठल्या दिवशी किती वेळा वापरायचं ते कागदावर मांडून घ्या.

तिसऱ्या महिन्यात कॅलिब्रेटर (ज्यांवरून सिग्नलचा आकडा ठरतो ती माहीत प्रमाणाची द्रावणं) बनवायला घेतले. इथे एक चूक थोडक्यात टळली.

शुद्ध २५(ओएच)डी३ इथेनॉलमध्ये विरघळवलेलं, लेबलवर १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. लेबलवर विश्वास न ठेवता त्याचं अतिनील शोषण २६५ नॅनोमीटरला मोजायचं, असा नियम होता. मोलर शोषणांक सुमारे १८,३०० आणि रेणुभार ४००.६ धरला तर एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.४६ च्या आसपास यायला हवं. आलं ०.५०. क्युव्हेट पुसून, इथेनॉलचा शून्य पुन्हा घेऊन, तीनदा मोजलं. तेच. व्हायलच्या झाकणाचं सील सैल होतं आणि फ्रीजमध्ये राहून इथेनॉल उडालं होतं. द्रावण लेबलपेक्षा नऊ टक्के घट्ट झालं होतं. तसंच वापरलं असतं, तर प्रत्येक रुग्णाचा आकडा त्याच प्रमाणात कमी आला असता, २० च्या जागी १८.३. आणि कंट्रोलची मर्यादा आम्ही त्याच कॅलिब्रेटरवर ठरवणार असल्यामुळे, कंट्रोलनेही कधी आरडाओरडा केला नसता.

त्यानंतर प्रत्येक व्हायल ठेवताना वजन करून तारखेसकट लिहितो आणि काढताना पुन्हा वजन करतो. स्टँडर्ड गडद काचेतच ठेवतो. पाण्यात, प्रथिन नसताना, हा रेणू प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटतो. म्हणून पातळ करायचं ते शेवटच्या क्षणी आणि थेट प्रथिनयुक्त द्रावणातच. रुग्णाच्या सीरममध्ये उलट हा रेणू फार टिकाऊ आहे. प्रथिनाच्या कुशीत असल्यामुळे खोलीच्या तापमानाला काही दिवस राहिला तरी बिघडत नाही, दोन-चार वेळा गोठवून-वितळवूनही तग धरतो. नमुना काळ्या कागदात गुंडाळून बर्फावर पळवत आणण्याची धावपळ बिनकामाची आहे. ती काळजी स्टँडर्डची घ्या.

कॅलिब्रेटर कशात बनवायचे हाही प्रश्न होताच. ड जीवनसत्त्व अजिबात नसलेलं मानवी सीरम मिळत नाही. कोळशाने धुतलेलं सीरम घ्यावं तर थोडं उरतंच. अल्ब्युमिनचा बफर घ्यावा तर त्यात बाइंडिंग प्रोटीन नसतं. आम्ही बफर घेतला आणि तो चालतो का, हे संदर्भ सीरमवर तपासलं.

निष्कर्षणाची कृती अशी ठरली. १०० मायक्रोलिटर सीरम, त्यात अंतर्गत स्टँडर्ड, हलवून ३० मिनिटं तसंच ठेवायचं. मग अ‍ॅसिटोनायट्राइलने प्रथिनं पाडायची, हेक्झेनमध्ये ओढून घ्यायचं, सेंट्रिफ्यूज करून वरचा थर नायट्रोजनखाली सुकवायचा आणि मिथेनॉल-पाण्यात पुन्हा विरघळवायचा. यातली ती ३० मिनिटं कुणी गाळू नये. अंतर्गत स्टँडर्ड इथेनॉलमधून मोकळंच येतं, रुग्णाचा रेणू प्रथिनात अडकलेला असतो. दोघं एका स्थितीला यायच्या आत प्रथिनं पाडली, तर स्टँडर्ड जास्त निघतं, रुग्णाचं कमी, आणि निकाल खाली जातो. सुकवतानाही नजर ठेवायची. ट्यूब कोरडी झाल्यावर नायट्रोजन चालूच राहिला, तर रेणू काचेला धरून बसतो आणि परत विरघळायला कुरकुर करतो.

आता कॉलम. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये २५(ओएच)डी३ चा आयन (विद्युतभारित रूप) ४०१ या वस्तुमानावर दिसतो, डी२ चा ४१३ वर. दोघंही सहज पाण्याचा एक रेणू टाकतात आणि ३८३ आणि ३९५ वर येतात. हा सिग्नल मोठा असतो म्हणून मोह होतो, पण पाणी टाकणं ही फारशी खास ओळख नव्हे, अनेक रेणू ते करतात. पित्ताम्ल तयार होतानाचा ७-अल्फा-हायड्रॉक्सी-४-कोलेस्टेन-३-ओन हा रेणू तर नेमका त्याच वस्तुमानाचा आहे. म्हणून आयन फोडल्यावर मिळणाऱ्या तुकड्यांपैकी मोजायला एक आणि पडताळायला दुसरा घेतला. दोघांचं गुणोत्तर ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं की तो निकाल थांबवायचा.

पण ३-एपी समोर असली की हेही पुरत नाही. हा २५(ओएच)डी३ चाच जुळा: वस्तुमान तेच, तुकडे तेच, फक्त तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल उलट दिशेला. मास स्पेक्ट्रोमीटरला दोघं एकच दिसतात. वेगळं करायचं ते कॉलमनेच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक वर्षाखालच्या सुमारे २३ टक्के बाळांत ही एपिमर सापडली, आणि त्यांच्या एकूण आकड्यात तिचा वाटा ९ ते ६१ टक्के होता. म्हणजे बाळाला कमतरता असूनही अहवाल भरल्यासारखा दिसू शकतो.

आमच्या साध्या सी-१८ कॉलमवर ९७२ए ची चौथी पातळी लावली, तेव्हा एकच देखणं, सरळ, उंच पीक आलं आणि निकाल प्रमाणपत्राच्या जवळजवळ दुप्पट. पेंटाफ्लुरोफिनाइल कॉलमवर तेच पीक फुटून दोन झालं, मध्ये दरी स्पष्ट. किंमत म्हणजे वेळ. एका नमुन्याला चारच्या जागी आठ मिनिटं. ८० नमुन्यांचा रन जवळपास ११ तास चालतो, म्हणून संध्याकाळी लावून सकाळी वाचतो. फक्त बाळांचे नमुने या कॉलमवर घ्यावेत असाही विचार झाला. पण दोन पद्धती म्हणजे दोनदा पडताळणी, दोन कंट्रोल चार्ट आणि चुकीच्या रांगेत नमुना जाण्याची भीती. सगळेच एका कॉलमवर घेतले. प्रत्येक रनची सुरुवात दोन्ही जुळ्यांच्या मिश्रणाने होते. दरी बुजायला लागली की कॉलम बदलायचा, इंजेक्शनचा आकडा काहीही असो.

चौथ्या महिन्यात सातत्याची चाचणी (तोच नमुना पुन्हा मोजला तर आकडा किती हलतो) सुरू केली, सीएलएसआय या प्रयोगशाळांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ईपी०५ प्रमाणे: २० दिवस, दिवसाला दोन रन, प्रत्येक रनमध्ये दोनदा. एका पातळीमागे ८० वाचनं. अकराव्या दिवशी डी२ चा कंट्रोल १५ टक्के खाली आला. डी३ जागच्या जागी. पिपेट तपासलं, कॅलिब्रेटर नवे काढले, काही फरक नाही.

कारण सापडलं ते अंतर्गत स्टँडर्डच्या पीकचं क्षेत्रफळ तारखेनुसार मांडल्यावर. त्या दिवसापासून ते पडलं होतं. त्याच दिवशी कंट्रोलचा साठा वाटून ठेवायला जेल असलेल्या ट्यूबचा नवा लॉट वापरात आला होता. जेलमधून काहीतरी सुटून कॉलममधून त्याच सुमारास बाहेर पडत होतं आणि आयन तयार होणं दाबत होतं. रिकाम्या सीरमचा अर्क इंजेक्ट करताना कॉलमच्या पुढे टी-जोड लावून स्टँडर्डची सतत धार सोडली, तेव्हा डी२ येण्याच्या वेळी सिग्नलमध्ये खड्डा दिसला.

डी३ वाचलं, कारण त्याचं ड्यूटेरियम लावलेलं रूप त्याच क्षणी येतं आणि तेवढंच दबतं, गुणोत्तर बदलत नाही. डी२ साठी आम्ही खर्च वाचवायला तेच डी३ चं स्टँडर्ड वापरत होतो आणि डी२ थोडं नंतर येतं. दोन्हींना आपापलं लेबल लावलेलं स्टँडर्ड हवंच. ते मागवायला तीन आठवडे गेले आणि २० दिवसांची मोजणी पहिल्यापासून सुरू करावी लागली. त्या काळात सगळ्यांचा धीर सुटत आला होता. ट्यूबही बदलल्या. आता रुग्णांच्या नमुन्यांसाठीही साधी सीरम ट्यूब मागतो आणि नव्या लॉटच्या पाच ट्यूब आधी तपासतो.

सहावा महिना तुलनेचा. बाह्य गुणवत्तेसाठी डेक्वास ही १९८९ पासून चालणारी योजना आहे. २०१३ पासून ती निस्टच्या संदर्भ पद्धतीने काढलेला आकडा लक्ष्य मानते. त्याआधी लक्ष्य म्हणजे सहभागी प्रयोगशाळांची सरासरी असे, आणि सगळे एका दिशेला चुकले तर सरासरीही चुकते. सुरुवातीला "पास" असूनही आम्हाला उत्तर देता आलं नाही ते यामुळेच. आमची जुनी योजना अशा सरासरीवर, तीही एकाच कंपनीचं मशीन वापरणाऱ्यांच्या, चालत होती. तुमच्या योजनेचं लक्ष्य कशावरून ठरतं हे आजच विचारा. आणि बाहेरून डी२ घातलेल्या नमुन्यावर इम्युनोअसेची परीक्षा करू नका. घातलेला रेणू रक्तातल्या मूळ रेणूसारखा वागेलच असं नाही.

आम्ही ध्येय ठेवलं ते अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या प्रमाणीकरण कार्यक्रमाचं: सरासरी बायस अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत, विचलन (पुन्हा-पुन्हा मोजताना होणारा चढउतार) १० टक्क्यांच्या खाली. ही मर्यादा पाळूनही काय उरतं पाहा. विचलन १० टक्के असेल तर २० हा आकडा १६ ते २४ मध्ये कुठेही असू शकतो. दोन वाचनांतला बदल खरा म्हणायला जवळपास २८ टक्के फरक हवा. म्हणजे १८ चं २२ झालं यात गोळीचा गुण दिसतोच असं नाही. हे आकडे मांडल्यावर अहवालातला दशांश काढून टाकला.

पुरेसं आणि अपुरं यांच्यातल्या मर्यादेची रेघ कुठे छापायची यावर बरीच चर्चा झाली. २०११ मध्ये एका अमेरिकन संस्थेने २० पुरेसं म्हटलं, त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने ३० म्हटलं, आणि २०२४ मध्ये एंडोक्राइन सोसायटीने ठरावीक रेघच मागे घेतली. आम्ही लाल अक्षरं बंद केली. आकडा, एकक आणि पद्धतीचं नाव एवढंच देतो. एकक ठळक, कारण नॅनोमोल प्रति लिटरमधला ५० म्हणजे इथला २०, आणि जुने-नवे अहवाल शेजारी ठेवताना ही गफलत नेहमी होते.

सातव्या महिन्यात दोन आठवडे दोन्ही पद्धती समांतर चालवल्या. डॉक्टरांना पत्र गेलं: जुन्या आकड्याशी नवा जोडू नका, नवा पहिला आकडा आधार धरा, आणि डोस बदलला असेल तर तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासू नका.

पहिल्याच आठवड्यात फोन सुरू झाले, पण वेगळ्याच कारणाने. आम्ही डी२, डी३ आणि एकूण अशा तीन ओळी छापत होतो. डी२ ची गोळी न घेणाऱ्यांच्या अहवालात "डी२: मोजण्याइतकं नाही" असं येई. लोकांना वाटलं डी२ ची कमतरता आहे, आणि काहींनी ते विकतही आणलं. आता "एकूण" सर्वांत वर, मोठ्या अक्षरात. खाली बारीक अक्षरात दोन घटक, आणि त्यांच्याखाली एक ओळ: "डी२ नसणं ही कमतरता नव्हे. ते फक्त डी२ ची गोळी घेणाऱ्यांत आढळतं." या ओळीतला "फक्त" हा शब्द कडक आहे, मशरूम भरपूर खाणाऱ्यांतही थोडं सापडू शकतं. पुढच्या छपाईत तो "मुख्यतः" करणार आहोत.